घाडीकाकांनी निवडलेलं यंत्र

घाडीकाका कुठलीही वस्तू विकत घ्यायच्या आधी ती खाली टाकतात.

चुकून नव्हे, मुद्दाम. कमरेइतक्या उंचीवरून, दुकानदाराच्या डोळ्यांदेखत. वस्तू पडली की वाकून उचलतात, कानाशी नेऊन हलवतात, आत काही खुळखुळतंय का ते डोळे मिटून ऐकतात आणि मग डॉक्टरच्या गांभीर्यानं म्हणतात, "बरा आसा. पण टिकात काय?" लालबाग-परळचे निम्मे दुकानदार त्यांना ओळखतात ते यामुळेच. भांड्यांच्या दुकानात काका शिरले, की मालक आधी काचेचा माल आत नेतो. टॉर्च, कुलूप, कुकर, पाण्याची बाटली, सगळं त्यांनी टाकून पाहिलंय. एकदा चष्म्याची नवी फ्रेम टाकली. फ्रेमला काही झालं नाही, पण दुकानदार आजही त्यांना बघून शटर अर्धं ओढतो.

विष्णू घाडी हे त्यांचं पूर्ण नाव. वय बहात्तर, गाव मालवणच्या आतल्या बाजूला. मिलमध्ये फिटर होते. मिल बंद पडल्यावर परळच्या एका वर्कशॉपमध्ये हात काळे करत राहिले आणि आता रिटायर होऊनही त्यांच्या बोटांच्या रेषांमधलं ग्रीस काही निघालेलं नाही. "आमच्या खात्यातली मशिनां माझ्या आजोबाच्या येळची होती," असं ते सांगतात. "एक बंद पडला नाय. मिलच बंद पडली." हे सांगताना ते हसतात, पण ऐकणाऱ्यानं हसू नये अशी त्यांची अपेक्षा असते.

आमच्या चाळीचा टॉवर झाला आणि शेजारची खोली समोरचा फ्लॅट झाली, एवढाच काय तो आमच्यात फरक पडला. आमचं मूळ साताऱ्याकडचं. मला मालवणी येते ती पंचवीस वर्षं भिंतीपलीकडून ऐकून. माझ्या लग्नात काकांनी शिसवी पोळपाट दिला होता. द्यायच्या आधी तो हॉलच्या फरशीवर टाकला होता, भटजी मंगलाष्टकं म्हणत असताना. अख्खा मांडव दचकला. वर्षा, म्हणजे माझी बायको, आजही त्याच पोळपाटावर पोळ्या लाटते आणि काकांना मानते. मला मानत नाही, कारण मी फोनवरून वस्तू मागवणारा माणूस. माझा मिक्सर आठ महिन्यांत गेला तेव्हा काकांनी तो उघडून आतलं प्लास्टिकचं चाक मला दाखवलं आणि इतकंच म्हणाले, "मिलिंद, तू शिकलंस कित्याक?"

तर अशा माणसाकडे यंदा फेब्रुवारीत गावाहून एक काम आलं.

काका दर वर्षी मे महिन्याच्या शेवटी दहा दिवस गावी जात. तिकडे पाऊस यायच्या आधीच कोरड्या जमिनीत भात फेकून पेरतात. काकांचे थोरले बंधू, ज्यांना सगळे दादा म्हणतात, ते सूप घेऊन पुढे चालत आणि मुठीनं भात फेकत. काका मागून माती सारखी करत. लहानपणापासून हेच. मिलमध्ये असताना तर पेरणीसाठी बिनपगारी रजा काढून जात आणि साहेबाच्या शिव्या खात. एकदा दादांच्या ऐवजी काकांनी भात फेकला तर तो पुंजक्या-पुंजक्यांनी उगवला आणि वाडीतली माणसं दोन महिने बांधावर उभी राहून हसली. तेव्हापासून दादांचा हात पुढे आणि काकांचा मागे, हे ठरून गेलं.

गणपतीलाही काका जात, पण त्याचं त्यांना एवढं नव्हतं. "गणपतीक घरात तीस माणसां. दादा पूजेत, वहिनी चुलीशी. माका एक चटई गावता, ती पण कोपऱ्यात," असं म्हणायचे. पेरणीचे दहा दिवस मात्र दोघांचेच. सकाळी पेज, मग शेत, संध्याकाळी अंगणात दोन खाटा. बोलणं फारसं नाहीच. काकी तीन वर्षांपूर्वी गेल्या, मुलगी बंगळुरूला. काकांच्या वर्षातले उरलेले दिवस कसे जातात ते मी समोरच्या दारातून बघतो. कॅलेंडरवर मेच्या शेवटच्या आठवड्याला ते जानेवारीतच पेन्सिलीनं गोल करतात.

यंदा दादांचा उजवा खांदा धरला. हात छातीच्या वर जाईना. डॉक्टरांनी सांगितलं, आता मुठीनं बी फेकणं विसरा. मजूर मिळत नाहीत, आणि मिळाले तरी दादांना त्यांचं फेकणं पसंत नाही. "औंदा मळो पडीक ठेवया," असं दादा फोनवर म्हणाले आणि काकांनी त्या दिवशी दुपारचं जेवण घेतलं नाही. त्यांच्या आठवणीत तो मळा कधी पडीक राहिला नव्हता.

मार्ग काढला तो दादांच्या मुलानं, सुहासनं. किनाऱ्यावरचं एक रिसॉर्ट बंद पडलं तेव्हा त्यांची एक गाडी सुहासनं सेकंड-हँड उचलली होती. चार जाडजूड चाकं, पुढे दोघांची सीट आणि मागे सामान टाकायला उघडा हौदा. बागेत खत न्यायला, आंबे आणायला ती कुठेही चढे. या गाडीच्या मागे बसवायचं बी फेकणारं यंत्र मिळतं, दुकानदार त्याला स्प्रेडर म्हणतात, असं त्याला कळलं. वर टाकी, खाली झडप, झडपेखाली मोटरवर गरगरणारी चकती. बी चकतीवर पडतं आणि गोल उडून सगळीकडे सारखं पसरतं. "काका, मुंबईत चांगलं बघून घ्या," सुहास म्हणाला. "मेच्या वीस तारखेपर्यंत पाठवा म्हणजे झालं. आणि जरा टिकाऊ बघा."

जरा टिकाऊ बघा! हे त्यानं घाडीकाकांना सांगितलं. माशाला पोहायला सांगण्यातला प्रकार.

दुसऱ्या दिवसापासून काकांनी नागदेवीच्या बाजारात फेऱ्या सुरू केल्या आणि माहितीपत्रकांवरचं इंग्रजी वाचायला मला बरोबर घेतलं. तिथले मनसुखभाई हे त्यांचे वर्कशॉपच्या दिवसांपासूनचे ओळखीचे. शेतीच्या अवजारांचं त्यांचं दुकान गल्लीच्या आत आहे, चिंचोळं आणि लांबलचक. त्यांनी पहिलं यंत्र काढलं. लाल रंगाचं, चकचकीत, हलकं. काकांनी त्याच्याभोवती एक प्रदक्षिणा घातली, रंगावर नखानं ओरखडा काढला आणि यंत्र उचललं.

"काका, फेकू नका हां," मनसुखभाई टेबलामागून उठत म्हणाले. "ये खेतीका आयटम है, क्रिकेटका नही."

तोवर ते पडलं होतं. एक पाय वाकला आणि आतून खुळखुळ ऐकू आली. काकांनी खालचं झाकण उघडलं. आत प्लास्टिकचं चाक, दोन दात तुटलेले. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मला माझा मिक्सर आठवला. "हो काडीपैलवान," ते म्हणाले आणि त्या यंत्राचं तेच नाव पडलं.

दुसरं यंत्र मनसुखभाईंनी नाखुशीनंच दाखवलं. पांढरी जाड टाकी, स्टेनलेस स्टीलचा सांगाडा, धातूची चाकं आणि गिअरबॉक्स चारी बाजूंनी बंद, म्हणजे धूळ जायला जागा नाही. ते उचलायला मलाही हात लावावा लागला. ते पडलं तेव्हा यंत्राला काही झालं नाही, दुकानाची लादी फुटली. मनसुखभाईंनी कपाळाला हात लावला आणि काका पहिल्यांदा हसले. हा पैलवान.

तुम्हाला वाटेल, झालं काम. नाही. "पडून टिकला ता ठीक," काका म्हणाले. "पण खत आसा, मीठ आसा, खारो वारो आसा." मनसुखभाईंनी जुन्या ओळखीवर तो पैलवान नमुना म्हणून घरी न्यायला दिला, मला वाटतं, दुकानातली उरलेली लादी वाचवायला दिला असावा. त्याचे नटबोल्ट काढून काकांनी पाच बरण्यांत मिठाच्या पाण्यात बुडवले आणि बरण्यांना तारखांच्या चिठ्ठ्या लावून त्या पॅसेजच्या खिडकीत ठेवल्या. वर्षानं एक उघडून वास घेतला. "काका, कसलं लोणचं घातलंय?"

"नटबोल्टाचा," काका म्हणाले. "एक महिनो मुरूक होयो."

महिना मुरलं. गंज नाही. मग हादऱ्यांची परीक्षा. गाडी शेतात धक्के खाणार, तेव्हा यंत्राचे सांधे ढिले होतात का ते बघायला हवं. काकांनी ओळखीच्या मसालेवाल्याची हातगाडी मागून आणली, तिच्यावर पैलवानाला दोरीनं आवळलं आणि आमच्या गल्लीतून, खोदून ठेवलेल्या फुटपाथवरून, गटाराच्या झाकणांवरून ती रोज सकाळी अर्धा तास फिरवायला सुरुवात केली. मी पुढून ओढायचो, ते मागून ढकलायचे. मिरची कांडायला आलेल्या बायका विचारायच्या, काका, काय विकताय? काका म्हणायचे, "इकूचा नाय, चालवून बघतंय. आमच्या गावचो रस्तो ह्याच्यापेक्षा बरो आसा. हय टिकला म्हणजे खयय टिकात." चौथ्या दिवशी हातगाडीचं चाक निघालं. पैलवानाचा एक नटही हलला नाही, पण मसालेवाल्याची गाडी काकांना दोन दिवस बसून दुरुस्त करावी लागली.

शेवटची परीक्षा बी फेकण्याची. खरं तर मुख्य तीच. बी सगळीकडे सारखं पडतंय का ते मोजायची काकांनी एक रीत काढली होती. गच्चीवर रांगेनं ताटं मांडायची, मधोमध यंत्र चालवायचं आणि मग प्रत्येक ताटातलं बी वेगवेगळं तोलायचं. त्यासाठी त्यांनी चौदा मजल्यांवर फिरून घरटी दोन ताटं गोळा केली. मागे तळाला नेलपॉलिशनं फ्लॅटचे नंबर घातले. जुन्या गाडीची बॅटरी आणली. रविवारी सकाळी गच्चीवर साठ-सत्तर ताटं उन्हात चमकत होती आणि मधे बनियन घातलेले घाडीकाका हातात स्विच घेऊन उभे होते. वाण्याकडून आणलेला पाच किलो कोलम तांदूळ मी टाकीत ओतला.

पैलवानानं कमाल केली. तांदूळ पावसाच्या सरीसारखा ताटांवर वाजला आणि जवळजवळ सारखाच पडला. काका एकेक ताट काट्यावर ठेवत होते, मी आकडे लिहीत होतो. दहाव्या ताटापर्यंत आलो आणि कबुतरं आली. एक आलं, मग दोन, मग आमच्या इमारतीची, समोरच्या इमारतीची आणि बहुधा माटुंग्याचीसुद्धा. काका टॉवेल फिरवत धावत होते. त्या गोंधळात सोसायटीच्या सेक्रेटरी कदमबाई वर आल्या.

"काका," त्या कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "कबुतरं येऊ नयेत म्हणून आपण सगळ्यांनी वर्गणी काढून जाळ्या लावल्या ना? आणि तुम्ही त्यांना पंगत घालताय?"

काकांनी त्यांना चाचणी समजावून सांगितली. बाई निम्म्यावर विरघळल्या, कारण त्यांचंही माहेर कोकणातलं. उरलेली ताटं तोलायला त्या स्वतः बसल्या.

संध्याकाळी काकांनी मोठ्या अभिमानानं दादांना व्हिडिओ कॉल लावला. ताटांचे फोटो मी आधीच पाठवले होते. पलीकडे दादा बराच वेळ फोटो बघत होते. मग त्यांचा चेहरा हळूहळू स्क्रीनभर पसरला.

"विष्णू, ह्या काय घातलंस मशिनीत?"

"तांदूळ."

"तांदूळ पेरतंत काय रे, मेल्या? तांदूळ पेरून उगवात काय? पेरतंत ता भात. त्याका साल आसता, कुसळ आसता, ता एकमेकांत अडाकता. तांदूळ काय, गुळगुळीत. खयच्याय भोकातसून जाता!" आणि मग ते असे हसायला लागले, की त्यांचा दुखरा खांदा त्यांनी दुसऱ्या हातानं धरला. मागे वहिनी, सुहास, सगळेच हसत होते. "मुंबैत ऱ्हवान ऱ्हवान तू भात इसारलंस!"

बहात्तर वर्षांचे काका कानापर्यंत लाल झाले. साठ पेरण्या बघितलेला माणूस, आणि वाण्याच्या पोत्यातल्या तांदळानं त्याला फसवलं. पण मला गंमत वाटली ती वेगळीच. फोन ठेवल्यावर काका रागावले नव्हते. "दादा कसो हसलो बघितलंस?" असं त्यांनी मला दोनदा विचारलं.

सालासकट भात लालबागमध्ये मिळेना. शेवटी क्रॉफर्ड मार्केटमध्ये पक्ष्यांचं खाणं विकणाऱ्याकडे मिळाला. पुन्हा ताटं गोळा झाली, पुन्हा गच्ची, या वेळी कदमबाईंनी दोन माणसं काठ्या देऊन कबुतरं हाकायला बसवली. भात खरंच झडपेशी अडकला. काकांनी दोन दिवस खपून टाकीत एक ढवळणारी तार बसवली आणि मग पैलवानानं भातही तसाच फेकला. मे महिन्याची दहा तारीख. अडीच महिन्यांच्या खटाटोपानंतर यंत्र पास झालं होतं. नवाकोरा पैलवान उद्या मनसुखभाईंकडून घ्यायचा आणि लक्झरी बसच्या डिकीतून गावी पाठवायचा, असं ठरलं. कळवायला काकांनी फोन लावला. त्यांना कमी ऐकू येतं म्हणून स्पीकर चालू होता, आणि मी समोर चहा पीत बसलो होतो.

"दादा, ह्या मशीन तुझ्या नातवाक पण पुरात," काका म्हणाले. "पंचवीस वर्सां बघूक नको."

"बरा झाला रे बाबा," दादा म्हणाले. आवाजात मनापासून समाधान होतं. "सुहास म्हणता, चार दिसात मळो पेरून होतलो. मागे फळी बांधली, की माती पण सारखी होता. आता तुका दगदग नको. ह्या वयात उन्हातान्हात कित्याक येतंस? तू आपलो गणपतीक ये आरामात."

काकांची नजर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे गेली.

"विष्णू? आसस मा?"

"आसंय," काका म्हणाले. "बरा झाला. खरोखर बरा झाला."

फोन ठेवून ते उठले, माझा अर्धा भरलेला कप उचलून मोरीत ठेवून आले. मला वाटलं, थकले असतील.

दुसऱ्या दिवशी आम्ही नागदेवीला गेलो. मनसुखभाईंनी पैलवान खोक्यात बांधूनच ठेवला होता. काका खोक्याकडे न बघता म्हणाले, "तो नको. तो लाल दी."

मनसुखभाईंनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. "काका, वो तो आपने तोडा था," ते म्हणाले. "प्लास्टिक का गिअर है उसमें."

"माहीत आसा. त्याचीच सहा चाकां जास्तीची दी."

मला राग आला. का येऊ नये? अडीच महिने मी हातगाडी ओढली होती, ताटं धुऊन घरोघर परत केली होती, माझ्या रविवारांचं मातेरं झालं होतं. "काका, तुम्हीच याला काडीपैलवान म्हणालात. नटबोल्टांचं लोणचं घातलंत ते कशासाठी?"

"हलको आसा," ते म्हणाले. "सुहासाक उचलूक बरो." आणि काडीपैलवान त्यांनी खाली न टाकता, न हलवता, सरळ बांधायला दिला. त्यांना इतकी वर्षं ओळखतो, पण असं करताना मी त्यांना पहिल्यांदाच बघत होतो.

यंत्र बसच्या डिकीत चढवून दिलं, पण सहा चाकांची पिशवी काकांच्याच हातात राहिली. टॅक्सीत बसल्यावर माझ्या ते लक्षात आलं. "ही पाठवायची राहिली की. तिकडे चाक तुटलं तर काय करतील?"

"थय हरवतत," काका खिडकीबाहेर बघत म्हणाले. मग थोड्या वेळानं, "फोन करतीत. मी घेऊन जातलंय."

टॅक्सी भायखळ्याचा पूल उतरली.

"मिलिंद," ते म्हणाले, "चाकरमानी गावाक जाता तो सणाक नायतर कामाक. उगीच जाऊन बसलो तर घरच्यांका वाटता, ह्याका मुंबैत कोण इचारना नाय. घर माझा पण आसा, मी नाय म्हणना नाय. पण बोलावल्याबिगर कसा जातलंय? काम होता म्हणून दादा बोलवायचो. पैलवान गेलो असतो तर पंचवीस वर्सां माका कोण बोलावतलो?"

"आणि मळा? तो पडीक राहिला तर?"

ते एकदम माझ्याकडे वळले. "दादाचो मळो मी पडीक ठेवीन? दोन दिवस ह्या मशीन धड चालतला, मी बघितलंय. मगे चाक तुटतला. बाराव्या तासाक मी थय हजर."

मला त्यांची चीड आली होती ती कधी गेली ते कळलं नाही. ज्या माणसानं आयुष्यभर टिकणाऱ्या वस्तू गोळा केल्या, त्यानं दहा दिवसांसाठी एक मोडणारी वस्तू विकत घेतली होती, आणि मी शेजारी बसून हिशेबानं बोलत होतो. वर्षाला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग त्यांना सरळ सांगायचं ना, मला यायचंय म्हणून!" मी म्हटलं, तू घाडीकाकांना ओळखत नाहीस. खरं म्हणजे मीच इतकी वर्षं ओळखत नव्हतो.

पेरणी सुरू झाल्याचा फोन मेच्या शेवटच्या सोमवारी आला. काकांची बॅग आदल्या शुक्रवारपासूनच भरलेली होती. मंगळवारी ते दारातच खुर्ची टाकून बसले होते, फोन मांडीवर. वर्षानं जेवायला बोलावलं तर म्हणाले, नंतर. बुधवारी सकाळी दहा वाजता फोन वाजला. सुहास होता.

"काका, मशीन बंद पडलं. चकती फिरतच नाही. निम्मा मळा राहिलाय. बाबा म्हणतात, काकाला लगेच यायला सांग."

"मी सांगितलेलंय!" काका ओरडले. एवढा आनंदी आवाज मी त्यांचा काकी गेल्यापासून ऐकला नव्हता. "दोन दिवस! मी बरोब्बर दोन दिवस म्हटलेलंय! आज दुपारच्या गाडीन निघतंय. कोणी हात लावू नकात त्याका!"

मेच्या गर्दीत तिकीट मिळवायला मला दोन ओळखी काढाव्या लागल्या. दुपारी तीनला लालबागच्या नाक्यावरून बस सुटणार होती. काकांनी पांढरा शर्ट घातला होता, केसांना तेल लावलं होतं. चाकांची पिशवी डिकीत टाकू देईनात, मांडीवरच घेतली. "बघितलंस मिलिंद," खिडकीतून वाकून ते म्हणाले, "प्लास्टिकचो गिअर. दोन दिवसांच्या वर जाऊचा नाय. फिटरची नजर आसा ही."

"तुमचा अंदाज कधी चुकलाय का, काका?" मी म्हटलं.

बस गेली. काका निघाले हे कळवायला मी तिथूनच सुहासला फोन लावला आणि विचारलं, नेमकं तुटलं काय? चाकच ना?

पलीकडे तो हसला.

"मिलिंदभाऊ, काही तुटलं नाही हो. मस्त चाललंय मशीन. काल संध्याकाळी जवळजवळ सगळा मळा पेरून झाला. रात्री बाबा अंगणात खाटेवर बसून होते. शेजारी दुसरी खाट रिकामी. जेवले पण नाही धड. सकाळी मला म्हणाले, विष्णूला फोन कर, मशीन मोडलं म्हणून सांग. पूर्ण मोडलं म्हण. थोडंसं म्हटलंस तर फोनवरच दुरुस्ती सांगत बसेल."

मी नाक्यावर उभा होतो, बाजूनं टॅक्सीवाले हॉर्न देत होते आणि माझे डोळे भरून आले होते, हे लपवण्यात काही अर्थ नाही. दोन म्हातारे, एकाच घरातले, आणि एकमेकांना नुसतं 'ये' आणि 'येतो' म्हणायला त्यांना मधे यंत्र लागलं.

"काकांना कळलं तर?" मी विचारलं.

"आम्ही सकाळीच चाक काढून ठेवलंय. येतील आणि नवीन बसवतील. बाबांनी वरचा छोटा तुकडा पेरायचा मुद्दाम ठेवलाय."

तेवढ्यात कुणीतरी त्याच्या हातून फोन घेतला. दादा होते.

"मिलिंद काय? विष्णू बसलो मा गाडीत?"

"बसले, दादा. आत्ताच सुटली बस."

"खिडकी गावली त्याका?"

"हो, खिडकीच मिळाली."

"मगे बरा," दादा म्हणाले. "लहानपणापासून गाडी लागता रे त्याका."